दात होते, पंख नव्हते : पश्चिम कॅन्ससचे चार दिवस

परत येऊन आठवडा होत आला, तरी गाडीतल्या पायपुसण्यांतून पांढरी भुकटी निघतेच आहे. मुग्धा दोनदा व्हॅक्यूम फिरवून कंटाळली. मी म्हटलं, राहू दे गं, आठ कोटी वर्षं थांबलेली धूळ आहे, आणखी चार दिवस थांबेल.

ही धूळ खडूची. मी पस्तीस वर्षं शाळेत खडू झिजवला, पण खडूचे कडे उभे असतात हे पहिल्यांदा पाहिलं. त्या कड्यांत सापडलेल्या एका पक्ष्यासाठी आम्ही तिघं, म्हणजे मी, लेक मुग्धा आणि नऊ वर्षांचा नातू अर्णव, चार दिवस गाडीतून हिंडलो. जावयांना सुट्टी नव्हती. ते घरी राहिले आणि रोज संध्याकाळी फोनवर हवामान सांगत राहिले.

खापर अर्णवच्या डोक्यावर. मी गुहागरहून अमेरिकेत, कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला त्यांच्याकडे आले त्याच आठवड्यात त्यानं माझी परीक्षा घेतली. "आजी, दात असलेला पक्षी सांग." मी विज्ञान शिकवलेली बाई. म्हटलं, पक्ष्यांना दात नसतात. "होते!" म्हणाला, आणि पुस्तक पुढ्यात आपटलं. हेस्परॉर्निस. माणसाएवढा लांब, समुद्रात बुडी मारून मासे पकडणारा, जबड्यात दात असलेला आणि अजिबात न उडणारा. याचं सगळं कुळच, हेस्परॉर्निथिडे, नामशेष झालेलं. आणि हा समुद्रपक्षी मिळाला कुठे, तर कॅन्ससमध्ये, जिथून जवळचा समुद्र हजार किलोमीटरच्या पुढे आहे. माझं अर्धं आयुष्य समुद्राच्या गाजेत गेलं. पुस्तक म्हणत होतं, आठेक कोटी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता. म्हटलं, जाऊन बघू या हा कसला समुद्र.

पहिला दिवस : लॉरेन्स, मग नुसता वारा

जूनचा तिसरा आठवडा. सकाळी सातला निघालो. पहिला थांबा लॉरेन्स, विद्यापीठाचं निसर्ग संग्रहालय. दारातून आत शिरताच डोक्यावर पंचेचाळीस फुटी टायलोसॉरसचा सांगाडा तरंगतो. सुसरीच्या तोंडाची, वल्ह्यांसारख्या पायांची समुद्री घोरपड म्हणा. साउथ डकोटात अशाच एका टायलोसॉरसच्या पोटाच्या जागी मासे, शार्क, दुसरा लहान मोसासॉर (टायलोसॉरसच्याच जातकुळीतला) आणि त्यांच्या जोडीला हेस्परॉर्निसची हाडं मिळाली होती. म्हणजे आमच्या पक्ष्याला गिळणाऱ्याची ओळख आधी झाली, पक्ष्याची नंतर.

याच विद्यापीठाच्या संग्रहात हेस्परॉर्निसच्या धाकट्या भावंडाचा, पॅराहेस्परॉर्निसचा, एक नामांकित नमुना आहे. १८९०च्या दशकात सापडलेला, पायावरच्या खवल्यांचे आणि पिसांचे ठसे खडूत उमटलेला. तो मांडलेला आहे का हे विचारायला काउंटरपर्यंत पोचणार, तेवढ्यात अर्णवला भूक लागली. लहान मुलांबरोबर प्रवास करणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

टोपीकाच्या पुढे फ्लिंट हिल्स लागतात. हिरव्या गवताच्या लाटाच लाटा, झाड औषधालाही नाही. 'कॅन्सस' हे नाव ज्या कॉ जमातीवरून पडलं, त्यांच्या नावाचा अर्थ दक्षिणवाऱ्याची माणसं असा लावतात. गाडीचं दार उघडताच तो वारा अंगावर येतो. माझी ओढणी पहिल्याच थांब्यावर उडून कुंपणाला जाऊन बसली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही गाडीतच, काचा लावून खाल्ली.

विल्सन गाव आलं आणि मी "थांबव, थांबव" करून मुग्धाला गाडी कडेला घ्यायला लावली. शेताच्या कुंपणाचे खांब दगडी होते! मैलोन्‌मैल. इथं लाकूड नव्हतं, म्हणून जर्मन, चेक वसाहतवाल्यांनी जमिनीखालचा चुनखडीचा एक थर फोडून त्याचे खांब केले. ओळीत भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या, दगड सरळ चिरतो. खाणीतून काढला तेव्हा तो मऊ असतो आणि वारा लागला की घट्ट होतो. अहो, हा तर आमचा जांभा! चिरेखाणीवर लहानपणी हेच पाहिलेलं, रंग तेवढा तांबड्याऐवजी पिवळसर. खांबाच्या मध्यावर गंजल्यासारखी एक रेघ होती, आणि टोकावर पिवळ्या छातीचा मेडोलार्क बसून बासरीसारखा गात होता. अर्णवला पक्ष्यात रस, मला खांबात. शेवटी मुग्धानं हॉर्न वाजवला.

हेजला मुक्काम. मोटेलचे काका नवसारीकडचे, पण काकी निघाल्या कल्याणात वाढलेल्या. "तुम्ही मराठी?" असं विचारून त्यांनी आलं घातलेला चहाच आणला. अमेरिकेच्या हमरस्त्यांवर गुजराती मोटेलवाले भेटतात हे ऐकून होते. पण चारशे किलोमीटर गवत पाहून झाल्यावर कुणी "साखर किती?" असं मराठीत विचारलं की काय वाटतं, ते लिहिता येत नाही.

दुसरा दिवस : मास्तरांची पेटी

सकाळी थोडं उलटं जाऊन व्हिक्टोरिया गावचं चर्च पाहिलं. सपाट रानात दोन उंच मनोरे, दुरून गोपुरांसारखे दिसतात. १८७६ मध्ये रशियातल्या व्होल्गा नदीकाठचे जर्मन लोक इथं येऊन वसले. चर्च बांधताना बारा वर्षांवरच्या प्रत्येकानं पंचेचाळीस डॉलर आणि सहा गाड्या दगड द्यायचे, असं ठरलं होतं. १९११ मध्ये ते पुरं झालं. आमच्या गावच्या देवळाची वर्गणी आठवली. पैसे नसतील तर चिरे द्या, चिरे नसतील तर अंगमेहनत. मग संग्रहालयात एक गोष्ट वाचली नि मी अर्णवला पुन्हा चर्चची आठवण करून दिली. हेस्परॉर्निसची एक जात व्होल्गोग्राड भागातही मिळाली आहे, १९९३ मध्ये तिला 'रॉसिकस' नाव मिळालं. ही माणसं व्होल्गा सोडून अर्धं जग ओलांडून आली, आणि दोन्ही मुलखांत हेस्परॉर्निसच!

हेजचं स्टर्नबर्ग संग्रहालय मोठ्या घुमटात आहे. अर्धा दिवस ठेवा, दीड तासात उरकू म्हणू नका. वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या. आत एसी इतका कडक की बाहेर अडतीस डिग्री असूनही मला शाल लागली.

इथली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे माशातला मासा. चौदा फुटी झिफॅक्टिनसनं सहा फुटी गिलिकस अख्खा गिळला आणि बहुधा त्यातच मेला. जॉर्ज स्टर्नबर्गनी १९५२ मध्ये तो खडूतून काढला. आतल्या माशाच्या फासळ्या बाहेरच्याच्या फासळ्यांत टोपलीत टोपली ठेवावी तशा बसल्यात. "आजी, यानं चावून खायला हवं होतं," अर्णव म्हणाला. रोज जेवताना मी त्याला सांगते तेच वाक्य.

आणि मग तो. हेस्परॉर्निस.

पहिल्यांदा मी त्याच्या पुढूनच निघून गेले, कारण माझी नजर पंख शोधत होती. पंख नाहीतच. खांद्यापासून एकच हाड निघतं, विणकामाच्या सुईसारखं, आणि तिथंच संपतं. पुढे कोपर नाही, मनगट नाही. आता पाय बघा. कमरेचं हाड लांबलचक, अरुंद. मांडी आखूड आणि शरीरात दडलेली. गुडघ्याची वाटी मोठी, उंच. आणि पाऊल अगदी शेपटीजवळ. बोटीला वल्ही मागे बांधावीत तसं. हा पाण्यात पायांनी स्वतःला ढकलायचा. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडं पोकळ, याची भरीव, म्हणजे बुडी मारायला बरं. जुन्या चित्रांत तो पेंग्विनसारखा ताठ उभा दाखवलाय. पण या पायांवर त्याला नीट उभंच राहता आलं नसतं, असं आता मानतात. किनाऱ्यावर आला तर पोटावर सरपटत, सीलसारखा.

दात बघायला मात्र वाकावं लागतं. मी चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावलं. खालच्या जबड्यात जवळजवळ पूर्ण ओळ, वरच्यात फक्त मागच्या भागात, पुढे नुसती चोच. दात बारीक, आत वळलेले आणि एका लांब खाचेत रांगेनं बसवलेले. आपल्यासारखी प्रत्येकाला वेगळी खोबण नाही. घसरड्या माशाला एकदा पकडलं की तो आतच जाणार. आपल्याकडे म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत. याच्याकडे दातही होते नि चणेही, पंख तेवढे नव्हते. आणि तरी या समुद्रात याचं काही अडलं नव्हतं.

शोधाची गोष्ट मला जास्त आवडली, कारण तीत एक मास्तर आहेत. येलचे प्राध्यापक मार्श १८७१ मध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात इथं आले. त्यांना मोठा सांगाडा मिळाला, पण बिनडोक्याचा. 'पश्चिमेचा राजपक्षी' अशा अर्थाचं नाव त्यावरूनच पडलं; पुढच्या वर्षी त्यांच्या मंडळींना डोक्याची हाडं असलेलाही मिळाला. त्याच १८७२ मध्ये बेंजामिन मज नावाच्या, कॅन्ससच्या शेतकी कॉलेजातल्या शिक्षकांना एका लहान, उडणाऱ्या समुद्रपक्ष्याची हाडं मिळाली, तो इक्थिऑर्निस. सांगतात की मजनी पेटी भरून तिच्यावर मार्शचे कट्टर प्रतिस्पर्धी कोप यांचा पत्ताही घातला होता. ऐन वेळी मार्शचं आपुलकीचं पत्र आलं आणि पत्ता बदलला. पेटी गेली मार्शकडे. त्यांना आधी वाटलं, जबडा कुठल्यातरी सरड्याचा असणार; पक्ष्याला दात कसे असतील? नंतर खडू साफ करताना उमगलं. म्हणजे मी अर्णवला दिलेलं उत्तर अगदीच अडाण्याचं नव्हतं, प्राध्यापकांनीही तेच दिलं होतं. १८८० मध्ये मार्शनी या दातवाल्या पक्ष्यांवर जाडजूड ग्रंथ काढला, तेव्हा खुद्द डार्विननी पत्र लिहून म्हटलं की गेल्या वीस वर्षांत उत्क्रांतीला याहून चांगला आधार मिळालेला नाही. मजचं नाव त्या मानानं कुणाला ठाऊक नाही. मास्तरांचं असंच असतं.

जेवायला व्होल्गा जर्मन पद्धतीचं खायचं ठरवलं. बीरॉक म्हणजे कोबी, कांदा आणि गोमांस भरलेला बन, तो सोडला. मांस नाही याची दोनदा खात्री करून सूप मागवलं. दाटसर साईच्या पाण्यात श्रावणघेवडा आणि पिठाचे गोळे. वरणफळांची जर्मन मावशी. वर मिरपूड घातली तर छान लागतं. शेजारच्या टेबलावर राजम्यासारख्या तिखट चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल खात होते. इथल्या शाळांत हेच देतात म्हणे. मुग्धानं नाक मुरडलं; मी म्हटलं, मठ्ठा-जिलेबी खाणाऱ्यांनी बोलू नये.

रात्री साडेअकराला तिन्ही फोन एकदम किंचाळले. इकडे येणाऱ्यांनी दोन शब्द पाठ करून ठेवा. 'वॉच' म्हणजे वावटळ होण्याजोगी हवा आहे, 'वॉर्निंग' म्हणजे ती दिसलीय, आत्ता आसरा घ्या. आमच्याकडे 'वॉर्निंग' होती. काकींनी दार ठोठावून सगळ्यांना तळमजल्यावरच्या धुण्याच्या खोलीत नेलं. दोन ट्रकवाले, आम्ही तिघं, एक म्हातारं जोडपं आणि त्यांचा थरथरणारा कुत्रा. गारा सुपारीएवढ्या. वीज गेली. वावटळ लांबून निघून गेली, पण अर्धा तास कुणी बोललं नाही. मग काकींनी ठेपल्यांचा डबा उघडला. ट्रकवाल्यानं तीन खाल्ले आणि लोणच्याचं नाव कागदावर लिहून घेतलं.

तिसरा दिवस : चिखल, खडू आणि काळा दगड

सकाळी आकाश धुतल्यासारखं. ओकलीपर्यंत दीड तास. तिथल्या फिक संग्रहालयात सहज डोकावलो आणि मी तिथंच रमले. व्हाय फिक या बाईंनी आसपासच्या खडूत सापडलेले शार्कचे दात वापरून चित्रं केली आहेत. फुलं, गरुड, नक्षी. अकरा हजारांवर दात. जवळ गेलं की दात, दूर गेलं की रांगोळी. आमच्या शाळेत शिंपल्यांचे गणपती करायच्या बाई होत्या, त्यांची फार आठवण झाली. तिकीट नाही, दानपेटीत काहीतरी घाला.

दुपारी मोन्युमेंट रॉक्सकडे निघालो आणि तिथं आमची अक्कल निघाली. डांबरी सोडून मातीच्या रस्त्याला लागताच गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकली आणि अलगद चरात जाऊन बसली. रात्रभर पाऊस झालेला. इथली माती ओली झाली की कुंभाराकडची. मोबाइलला रेंज नाही. पाऊस पडला असेल तर एक दिवस थांबा, भरपूर पाणी जवळ ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. आम्ही तिन्ही केलं नव्हतं.

वीस मिनिटांनी एक पिकअप आली. सत्तरीचे शेतकरीबाबा, टोपीवर बियाण्यांची जाहिरात. साखळी लावून दोन मिनिटांत गाडी बाहेर. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "आज मला वेळच वेळ आहे." गहू कापणीला आलेला, पण ओला झाला की दाणा वाळेपर्यंत कम्बाइन घालता येत नाही. शेजारच्यांचं अर्धं शेत गारांनी झोपवलं होतं. मी मोहोर आलेल्या आंब्यावर पडणाऱ्या अवकाळीचं सांगितलं. मुग्धानं भाषांतर करायच्या आधीच त्यांनी मान हलवली.

पक्ष्याचं विचारल्यावर हसले. पक्षी त्यांना कधी दिसला नव्हता. मासे मात्र गुरं चारताना दिसतात, आणि परातीएवढे शिंपले, त्यांच्या पाठीवर चिकटलेली कालवं. "तुम्ही चिखलात नाही, समुद्राच्या तळाशी फसलात," म्हणाले. रस्त्यावरचा पिवळट पांढरा खडा त्यांनी माझ्या हातात दिला. मी गाडीतलं काळं पायपुसणं उलटं केलं आणि त्यावर लिहिलं, 'अर्णव'. सुंदर उमटलं. 'र्ण' जरा तुटला. बाबा कौतुकानं बघत राहिले. त्यांना आपल्या रस्त्यावर लिहिता येतं हे ठाऊक होतं, पण या लिपीत कुणी लिहिलं नसेल.

मोन्युमेंट रॉक्स म्हणजे सपाट कुरणात उभ्या राहिलेल्या खडूच्या भिंती, काही वीस मीटर उंच, एकीला आरपार खिडकी. जागा खासगी आहे, तिकीट नाही, भिंतींवर चढायचं नाही, काही उचलायचं नाही. गाई सावलीला बसलेल्या असतात, त्यांचा मान पहिला. कड्याला पाकोळ्यांची मातीची घरटी. मी बोट फिरवलं तर बोट पांढरं. अतिसूक्ष्म शेवाळांच्या चुन्याच्या चकत्या तळाशी साठून हा खडू झाला.

उतरत्या उन्हात लिटल जेरुसलेम. २०१९ मध्ये खुलं झालेलं राज्य उद्यान; गाडीचा पास घ्यायचा, आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. सावली शून्य. उघड्या चपला नव्हे, बंद बूट घाला, फुरशासारखी विषारी रॅटलस्नेक असतात. संध्याकाळीच जा; दुपारी पांढऱ्यावर ऊन पडून डोळे दिपतात, सहानंतर कडे पिवळे, मग गुलाबी होतात. सूर्य नऊला मावळतो, घाई नाही.

बाबांनी निघताना सांगितलेल्या तांबूस रेघा तिथं दिसल्या. खडूच्या पांढऱ्यात बोटभर जाडीचे पट्टे. पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख या समुद्रावर पडली, त्याची नोंद. अर्णवनं विचारलं, "आपल्या गुहागरचा दगड पण ज्वालामुखीचा ना?" हो, आणि हिशेब आम्ही तिथं बसूनच केला. हा खडू सुमारे ८.७ ते ८.२ कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा काळा कातळ ओतला गेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपले कातळ या खडूपेक्षा दीड-दोन कोटी वर्षांनी तरुण. आणि हेस्परॉर्निसच्या गणातले शेवटचे पक्षीही डायनासोरांबरोबर त्याच सुमाराला संपले. मुख्य घाव उल्केचा मानतात, पण आपल्या लाव्हाच्या धुरानंही हवा बिघडवली होती, किती ते भूशास्त्रज्ञ अजून भांडून ठरवताहेत. ज्या काळ्या कातळावर मी लहानपणी आंबोशी वाळत घातली, त्याचा या पांढऱ्या कड्यातल्या पक्ष्याशी असा संबंध असेल हे कधी मनात आलं नव्हतं. अर्णव बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सॉरी म्हणायचं का?"

चौथा दिवस : वाकडी वाट

परतीला सरळ हमरस्ता धरायचा सोडून हेजवरून दक्षिणेला वळलो. वाटेत ला क्रॉस गावात काटेरी तारांचं संग्रहालय आहे, हो, नुसत्या काटेरी तारांचं. मुग्धानं माझ्याकडे असं पाहिलं की मी काही बोलले नाही.

ग्रेट बेंडजवळ शायेन बॉटम्स ही प्रचंड पाणथळ जागा, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतली. बांधावरून गाडी हळूहळू चालवत पक्षी बघायचे. उतरलात तर डास फाडून खातात, ओडोमॉससारखं काही लावूनच जा. बगळे, शेकाटे, काळे कुदळे, सगळे आपल्या ओळखीच्यांचे चुलतभाऊ.

अर्णवला मी एकच काम दिलं होतं, टिबुकली शोध. इथं मिळते ती आपल्या टिबुकलीहून थोराड, जाड चोचीवर काळी पट्टी असलेली. हेस्परॉर्निसची ती नातलग नाही. पण बुडी मारून पायांनी पोहायचा धंदा तोच, म्हणून पायही तसेच शेपटीजवळ गेलेले. पाणकणसांच्या कडेला एक सापडली. कुजक्या गवताच्या तरंगत्या ढिगावर तिचं घरटं, आणि पाठीच्या पिसांतून दोन पट्टेरी डोकी बाहेर. ती घरट्यावर चढायला लागली तर काय धांदल! छाती टेकवली, मागून पाय मारले, घसरली, परत छाती टेकवली आणि पोटावर सरकत कशीबशी वर गेली. परवा ज्याच्या हाडांवरून आम्ही अंदाज बांधत होतो, ते समोर चाललं होतं. मुग्धानं इंजिन बंद केलं.

मग पिल्लं ढिगावर ठेवून ती पाण्यात उतरली आणि टुबुक्‌ न करता, नुसती खाली बसल्यासारखी, नाहीशी झाली. अर्णव मोठ्यानं आकडे मोजायला लागला. दहा झाले, वीस झाले. आम्ही दोघी पाण्याचा तोच तुकडा धरून बसलो होतो. बत्तीसला ती पार मागच्या बाजूला, गाडीच्या डिकीशी वर आली, चोचीत आडवा मासा.